टाळी नेमकी कुठे पडते?

भरल्या सभेत पहिली टाळी एकट्याने वाजवायला कोणी धजत नाही. आपण वाजवली आणि बाकीचे गप्प बसले तर? तरीही शेकडो माणसांच्या टाळ्या एकाच क्षणी पडतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मॅक्स अ‍ॅटकिन्सन यांनी राजकीय भाषणांची ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकून या कोड्याचा माग काढला आणि १९८४ साली पुस्तकात तो मांडला. टाळी बहुतेक वेळा वाक्य संपता संपता, कधी तर शेवटच्या शब्दावरच सुरू होते, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे वाक्य कुठे संपणार हे श्रोत्यांना आधीच कळलेलं असतं, आणि ते कळवण्याचं काम वाक्याची बांधणी करते.

अशा बांधणीचे दोन प्रकार सगळ्यांत जास्त भेटतात. पहिला तिहेरी मांडणीचा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यात दोन पदं झाली की कान तिसऱ्याची वाट बघतो आणि तिसरं आलं की विधान पुरं झालं असं वाटतं. ही ओढ रोजच्या बोलण्यातही असते. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी दाखवलं, की दोनच गोष्टी आठवल्या तरी माणसं तिसरी जागा कशाने तरी भरून काढतात. आपणही म्हणतोच की, ‘काका आले होते, मावशी आली होती, वगैरे.’ चर्चिल यांनी १३ मे १९४० रोजी ब्रिटिश संसदेत रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम अशा चार गोष्टी देऊ केल्या होत्या. लोकांच्या तोंडी मात्र रक्त, घाम आणि अश्रू एवढंच राहिलं. कष्ट गळून पडले!

दुसरा प्रकार विरोधाचा, आणि मला तो जास्त ताकदीचा वाटतो. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण सावकाश म्हणून पाहा. ‘गाव करी’ म्हणताच साचा तयार होतो. ‘राव’ हा शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात ‘न करी’ तयार असतं. शेवट त्याला स्वतःलाच सापडलेला असतो, म्हणून तो पटतोही लवकर. त्यात गाव-राव हे यमक आहेच. यमकाचं बळ मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श या अमेरिकी संशोधकांनी २००० साली तपासलं. त्यांनी फारशी परिचित नसलेली यमकी वचनं घेतली आणि अर्थ तोच ठेवून त्यांतलं यमक तेवढं काढून टाकलं. वाचणाऱ्यांना यमक असलेली वचनं जास्त खरी वाटली. शब्दांची रचना आणि आशय वेगळे धरा, असं आधी बजावल्यावर मात्र हा फरक कमी झाला.

विरोधाचं मला माहीत असलेलं सर्वांत मोलाचं उदाहरण २५ नोव्हेंबर १९४९ चं आहे. संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले, की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत: राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. पाठोपाठ त्यांनी ‘किती काळ’ असा प्रश्न एकदा नव्हे, दोनदा विचारला. हे विसंगत जीवन आपण किती काळ जगणार? सामाजिक आणि आर्थिक जीवनात समता किती काळ नाकारणार? यातला विरोध सजावटीसाठी आलेला नाही. देशाच्या परिस्थितीतच तो होता. वाक्याने त्याच्या दोन्ही बाजू शेजारी आणून ठेवल्या, इतकंच. अलंकार आशयातून उगवतो तेव्हा असा उतरतो.

अ‍ॅटकिन्सन यांची निरीक्षणं मोजून पाहण्याचं काम जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी केलं. ब्रिटिश पक्षांच्या १९८१ च्या अधिवेशनांतली ४७६ भाषणं त्यांनी तपासली. सुमारे दोन तृतीयांश टाळ्या मोजक्या सात रचनांवर पडल्या होत्या. आवाजाचा चढउतार आणि श्रोत्यांकडे टाकलेली नजर यांचाही त्यात वाटा होता.

सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. पीटर बुल आणि ओफर फेल्डमन यांनी जपानी निवडणूक सभा अभ्यासल्या. तिथे वक्ते श्रोत्यांकडून प्रतिसाद बहुतेक वेळा उघडपणे मागून घेतात. आपल्या सभांमध्ये मला दोन्ही रीती दिसतात. वक्ता विरोधाचं वाक्य टाकून थांबतो आणि टाळी घेतो. तोच थोड्या वेळाने ‘छत्रपती शिवाजी महाराज की’ म्हणून थांबतो आणि ‘जय’ची जागा श्रोत्यांसाठी मोकळी ठेवतो. कीर्तनातही बुवा ‘बोला’ म्हणतात आणि मंडप ‘पुंडलिक वरदे हरि विठ्ठल’चा गजर करतो. मराठी सभांच्या चित्रफिती आज मुबलक आहेत. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या घेऊन बसावं आणि कुठल्या वाक्याच्या कुठल्या शब्दावर टाळी पडली याची नोंद करायला लागावं, असं मला मनापासून वाटतं.