पान अर्धवटच का कुजतं?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हार्वर्ड विद्यापीठाचं स्वतःचं जंगल आहे. तिथे १९८८ साली शास्त्रज्ञांनी जमिनीचे तुकडे आखले, काही रेड पाइनच्या बनात आणि काही ओक-मेपलच्या रानात. मग दरवर्षी एका तुकड्यावर हेक्टरी ५० किलो नत्र (नायट्रोजन), दुसऱ्यावर १५० किलो, आणि तिसऱ्यावर काहीच नाही, असा क्रम सुरू झाला. गाड्यांच्या धुरातून, वीजकेंद्रांतून आणि खत घातलेल्या शेतांतून हवेत गेलेला नत्र पावसाबरोबर रानावर उतरतो. त्याचा भार वाढत गेला तर काय होईल, हे त्यांना बघायचं होतं.

आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला विचारा, तो सांगेल की पाला लवकर कुजेल. खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या सरीत पाचट (उसाचा वाळलेला पाला) पसरायचं, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं संवर्धक टाकायचं, हे अनेकांच्या अंगवळणी पडलंय. त्यामागचा हिशोब पक्का आहे. वाळलेल्या पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र नावापुरता असतो, तर सूक्ष्मजीवांना आपलं शरीर वाढवायला साधारण दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो. ही तूट वरून भरून काढली की कुजण्याला वेग येतो.

हार्वर्डच्या जंगलात मात्र पाला साठत गेला. वीस वर्षांनी पाहिलं तर नत्र घातलेल्या जमिनीत कर्ब वाढला होता आणि बुरशी कमी झाली होती.

कारण पान दोन टप्प्यांत कुजतं. आधी साखर, स्टार्च, उघडं सेल्युलोज असे सोपे घटक संपतात. या टप्प्यात जादा नत्र खरोखरच मदत करतो. मग उरतं लिग्निन, म्हणजे सळयांभोवतीच्या सिमेंटसारखं सेल्युलोजला वेढून बसलेलं चिवट द्रव्य. ते पुरतं फोडण्यात पटाईत असतात त्या काही ठरावीक बुरशी. पावसाळ्यात झाडाखालचा ओला थर उचकून बघा. काही पानांवर पांढुरके, विरलेले डाग दिसतात आणि बोट लावलं की तेवढाच भाग फाटतो. तिथलं लिग्निन बुरशीने काढून नेलेलं असतं.

हे काम बुरशीला फार महागात पडतं. लिग्निनमधून ऊर्जा जवळजवळ मिळतच नाही. त्यात अडकलेलं सेल्युलोज आणि नत्र हाती लागावा म्हणून ती त्यासाठीची विकरं (एन्झाइम) बनवते. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीवरच्या प्रयोगांत तर ती नत्राची उपासमार झाल्यावरच लिग्निन फोडायला लागते, असं दिसलं. नत्र वरून आयता मिळत असेल तर ती एवढा खटाटोप कशाला करेल? हार्वर्डच्या मातीतही या विकरांचं काम मंदावलेलं आढळलं. जगभरातल्या प्रयोगांचा २००५ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही हेच चित्र निघालं: लिग्निन कमी असलेला पाला जादा नत्राने लवकर कुजतो, लिग्निन जास्त असलेला रखडतो.

जमिनीत साठलेल्या या कर्बाकडे काही जण हवामानबदलावरचा उतारा म्हणून बघतात. मला हा सौदा घातक वाटतो. जादा नत्राच्या जमिनीतून नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. माती आम्ल होते, कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून जातं. हार्वर्डमध्ये १५० किलो नत्र मिळालेल्या तुकड्यातले रेड पाइन पुढे मोठ्या संख्येने मेले.

उपग्रहांच्या मोजणीत अमोनियाचा जगातला अत्यंत दाट पट्टा गंगेच्या मैदानावर दिसतो, आणि त्याच्या उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याची सालवनं आहेत. सालाचं पान मुळातच चिवट. तिथेही असेच तुकडे आखून वीस-वीस वर्षं चिकाटीने मोजत राहायला हवं, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत फक्त लवकर कुजणारा पालाच दिसेल.