फायर अलार्म पॅनेलचे प्रथम प्रोग्रॅमिंग

ॲड्रेसेबल अग्निसूचक पॅनेलला इमारतीतील डिटेक्टर, कॉल पॉइंट (हाताने दाबायची सूचना-पेटी), हूटर व मॉड्यूल (लिफ्टसारखी इतर यंत्रे जोडणारे) यांची ओळख लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरमधून पहिल्यांदा करून देण्याची प्रक्रिया. प्रत्येक उपकरणाला लूपवर (पॅनेलपासून निघून पॅनेललाच परतणाऱ्या तारेवर) एक पत्ता असतो. त्या पत्त्याला जागेचे नाव, झोन (विभाग) व परिणाम (कोणता हूटर वाजावा, लिफ्ट तळमजल्यावर यावी का) जोडले जातात.

अग्निसूचक यंत्रणेच्या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. स्वयंचलित विद्युत अग्निसूचकाचे श्रेय बहुधा अप्टन व डिबल यांच्या १८९० च्या अमेरिकन पेटंटला देतात. काही जण बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यांच्या १९०२ च्या सुमाराच्या उष्णतासूचकापासून आरंभ धरतात. परंतु दोहोंचा भर आग ओळखण्यावर आहे. ती कुठे लागली हे सांगण्याचा विचार केल्यास चॅनिंग व फार्मर यांची बॉस्टनमधील १८५२ ची तारयंत्रणा अधिक जवळची ठरते : रस्त्यावरील पेटीची मूठ फिरवली की त्या पेटीचा क्रमांक केंद्रात उमटे. आजची ॲड्रेसेबल पॅनेले साधारणतः १९८० च्या दशकापासूनची.

पत्ता कुठे ठेवावा यावर उत्पादकांत एकमत नाही. नोटिफायर कंपनीच्या डिटेक्टरवरच पत्ता ठरवणाऱ्या फिरत्या चकत्या असतात. अपोलो कंपनीच्या एक्सपी९५ मालिकेत (एका लूपवर १२६ पत्ते) तो बेसमधील (छताला पक्क्या बसवलेल्या बैठकीतील) कार्डावर असतो. त्यामुळे सफाईनंतर डिटेक्टरांची अदलाबदल झाली तरी पत्ते चुकत नाहीत. देखभालीच्या दृष्टीने ही पद्धत उजवी मानावी.

लॅपटॉप यूएसबी किंवा सिरियल केबलने पॅनेलला जोडतात. जुनी सॉफ्टवेअर मोजकेच कॉम पोर्ट (सिरियल जोडणीचे क्रमांक) दाखवतात, तर विंडोज नव्या केबलला भलताच वरचा क्रमांक देते. तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये खाली आणावा लागतो. तशा केबली पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. पॅनेलचे मॉडेल व फर्मवेअर (त्याच्या आतील सॉफ्टवेअर) जुळवून आधी पॅनेलमधील माहिती वाचून जपून ठेवावी, मगच ऑटोलर्न (लूपवरील उपकरणे पॅनेलने आपोआप शोधणे) करावे. नवी फाइल चढवताना पॅनेल काही काळ पहाऱ्यावर नसते; म्हणून सुरक्षारक्षकाला आधी सांगणे आणि लिफ्ट, एएचयू (वातानुकूलनाचे हवा फिरवणारे यंत्र) व आग विझवणाऱ्या गॅस सिलिंडरचे आउटपुट बंद ठेवणे अत्यावश्यक.

ऑटोलर्नला पत्ता कळतो, खोली कळत नाही. हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत भाडेकरू बदलला की केबिनी हलतात. फॉल्स सीलिंगच्या वरचा डिटेक्टर नकाशात ‘पॅसेज’ राहतो, खाली मात्र सर्व्हर रूम झालेली असते. म्हणून प्रत्येक डिटेक्टरला टेस्ट स्प्रेचा धूर देऊन पडद्यावरचे नाव जागेवर पडताळावे. नकाशात ‘टॉवर २’ आणि रक्षकाच्या तोंडी ‘बी विंग’ असेल, तर रक्षकाचेच नाव घालावे. रात्री ते वाचून धावायचे त्यालाच आहे.

रचनेसाठी भारतीय मानक आयएस २१८९ व राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ आधारभूत आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे (एजन्सीचे) ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. अंतिम फाइल व पासवर्ड मालकाच्या ताब्यात असावेत. नाहीतर ठेकेदार बदलल्यावर काही पॅनेले पुन्हा पहिल्यापासून प्रोग्रॅम करावी लागतात.