एफ-टीआर रायफल : कमी खर्चातील बांधणी

एफ-टीआर रायफल ही ‘एफ-क्लास’ या लांब पल्ल्याच्या नेमबाजी प्रकारातली स्पर्धा-रायफल आहे. नेमबाज पालथे झोपून ३०० ते १००० यार्डांवरच्या (सुमारे २७५ ते ९१५ मीटर) लक्ष्यफलकावर एकेक काडतूस भरून नेम धरतो. रायफल पुढून दोन पायांच्या बायपॉडवर आणि मागून वाळूच्या पिशवीवर टेकलेली असते, वर दुर्बीण बसवलेली असते. या गटात .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन अशी दोनच काडतुसे चालतात. दुर्बीण व बायपॉड धरून रायफलीचे वजन ८.२५ किलोच्या आत असावे लागते. दुसरा गट ‘एफ-ओपन’. तिथे वजनाची मर्यादा १० किलो आहे, काडतूस जवळपास मनाजोगते घेता येते आणि पुढे जड, रुंद टेकू ठेवता येतो. खर्चाचा विचार करणारा नेमबाज बहुधा पहिल्या गटातच येतो.

कॅनडाचे नेमबाज जॉर्ज फार्कुहारसन यांनी १९९०च्या दशकात हा प्रकार रुजवला आणि त्यांच्याच आडनावाचे आद्याक्षर त्याला मिळाले. जुन्या ‘टार्गेट रायफल’ प्रकारात दुर्बिणीला मनाई असते. छिद्राच्या माशीतून (रायफलीवरच्या साध्या नेमखुणेतून) नेम धरायचा आणि चामडी पट्ट्याने हात आवळून रायफल पेलायची, असा तो प्रकार. वय वाढले की आधी डोळे दगा देतात, मग खांदे. चाळीस-चाळीस वर्षे वारा वाचलेली माणसे केवळ माशी अंधूक दिसते म्हणून रेंजवरून घरी बसू नयेत, हा एफ-क्लासमागचा विचार होता. या प्रकारातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. पहिली जागतिक स्पर्धा २००२ मध्ये ओटावाच्या कनॉट रेंजवर झाली. पुढच्या स्पर्धा दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफॉन्टेन (२००५), इंग्लंडमधील बिझ्ली (२००९) आणि अमेरिकेतील रॅटन (२०१३) येथे भरल्या.

स्वस्तात रायफल उभी करायची तर आधी किती अचूकता लागते हे ठरवावे लागते. अमेरिकी एफ-क्लास फलकावर १००० यार्डांना दहा गुणांचे वर्तुळ १० इंच, म्हणजे २५.४ सेंटीमीटर व्यासाचे असते. त्याच्या आत ५ इंचांचे ‘एक्स’ वर्तुळ असते आणि बरोबरी झाली की त्यावर निकाल लागतो. नेमबाज अंतराचे हिशेब कोनाच्या मिनिटांत (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) करतात. एक मिनिट १००० यार्डांवर २६.६ सेंटीमीटर भरतो, म्हणजे दहाचे वर्तुळ साधारण एका मिनिटाचे झाले. जी रायफल सातत्याने अर्ध्या मिनिटाच्या वर्तुळात गोळ्या टाकते, ती स्पर्धेला पुरेशी आहे. पाव मिनिटाच्या मागे लागले की खर्च दुप्पट-तिप्पट होतो, गुण मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत.

बांधणीची सुरुवात ॲक्शनपासून होते. काडतूस भरणारा, बंद करणारा आणि दाब सोसणारा हा भाग. १९५८ सालच्या सॅव्हेज ११० आणि १९६२ सालच्या रेमिंग्टन ७०० या दोन शिकारी रायफलींच्या ॲक्शन अमेरिकेत इतक्या खपल्या, की जुनी, नळी झिजलेली रायफल घेऊन तिचे रूपांतर करणे हा तिथला रुळलेला मार्ग आहे. काटकसरीसाठी सॅव्हेज विशेष सोयीची. तिची नळी ॲक्शनला एका मोठ्या नटाने घट्ट केलेली असते. बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा) ‘गो’ या काडतुसाच्या आकाराच्या मापकावर बंद व्हायला हवा आणि ‘नो-गो’ मापकावर अडायला हवा, एवढे जुळवून नट आवळला की नळी बसली. रेमिंग्टनच्या पारंपरिक नळीला लेथवर खांदा कापून घ्यावा लागतो, त्यामुळे कारागिराची मजुरी आणि त्याच्याकडची रांग दोन्ही आली. कारखान्यातूनच तयार येणारी सॅव्हेज १२ एफ-टीआर याच ॲक्शनवर उभी आहे. लांब जड नळी आणि हलका चाप घेऊन ती येते, आणि अनेकांनी पहिली स्पर्धा तिच्यावरच मारली आहे.

खरा पैसा नळीत घालावा. ॲक्शन आयुष्यभर पुरते, दस्ता पुरतो, दुर्बीण पुरते; नळी मात्र झिजते. .३०८ची नळी साधारण तीन-चार हजार गोळ्यांपर्यंत स्पर्धेजोगी राहते. एफ-ओपनमधली काही वेगवान काडतुसे हजार-दीड हजार गोळ्यांतच नळीचा घसा (पेच सुरू होतात तो भाग) खाऊन टाकतात. टीआर गट स्वस्त राहतो तो मुख्यतः या एका फरकामुळे. नळी ३० इंचांच्या आसपास लांब घेतात, कारण .३०८ची गोळी १००० यार्डांवर पोहोचेपर्यंत ध्वनीच्या वेगाच्या वर राहायला हवी. त्या वेगाखाली उतरताना गोळी डळमळते आणि फलकावर कुठेही जाते. गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या पेचांचा पीळ गोळीच्या वजनावर ठरतो. १५५ ग्रेनच्या (१० ग्रॅम) गोळीला १२ इंचांत एक फेरा पुरतो, २०० ग्रेनच्या लांबट गोळीला १० इंचांत एक लागतो. .२२३ला ८० ते ९० ग्रेनच्या गोळ्यांसाठी ७ किंवा ८ इंचांत एक फेरा घेतात. .२२३ला दारू .३०८च्या जवळपास निम्मी लागते, धक्काही सौम्य, त्यामुळे सरावाचा खर्च उतरतो. वारा मात्र तिच्या हलक्या गोळीची एकही चूक माफ करत नाही.

दस्ता देखणा नसला तरी चालतो, तो न हलणारा हवा. लॅमिनेटेड लाकडाचा रुंद, सपाट तळाचा दस्ता बायपॉडवर आणि पिशवीवर सरळ मागे सरकतो. ॲक्शन आणि लाकूड यांच्यातल्या फटी इपॉक्सीने भरून घेतात, त्याला ‘बेडिंग’ म्हणतात. हे काम घरच्या टेबलावर एका संध्याकाळी होते आणि खर्चाच्या मानाने त्याइतका फायदा दुसऱ्या कशातही नाही. नळी दस्त्याला कुठेही टेकू नये. कागदाचा कपटा नळीखालून पार ॲक्शनपर्यंत सरकवून पाहतात. मध्ये अडला तर लाकूड तासावे लागते. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि ती लाकडाला टेकली तर ऊन-दमटपणानुसार लाकूड हलले की नेमही हलतो.

८.२५ किलोच्या मर्यादेमुळे पैशांबरोबर ग्रॅमचाही हिशेब चालतो. जड नळी शांत असते, पण तिने तीन किलो खाल्ले की दुर्बीण आणि बायपॉड हलके घ्यावे लागतात. दुर्बिणीत भिंगांच्या चमकेपेक्षा फिरकीचा (नेम वर-खाली करणाऱ्या चकतीचा) प्रामाणिकपणा पाहावा. १०० यार्डांवर जुळवलेली .३०८ रायफल १००० यार्डांवर नेली की ३५ ते ४० मिनिटे वर चढवावी लागते. एवढा फेरा दुर्बिणीत मावत नाही म्हणून ती पुढे उतरत्या, २० मिनिटांच्या पट्टीवर बसवतात. फिरकीवर आठ खुणा मोजल्या तर आठच खुणांचा बदल व्हायला हवा. जी दुर्बीण यात चुकते ती कितीही स्पष्ट दिसली तरी घेऊ नये.

काडतुसे बहुतेक स्पर्धक स्वतः भरतात. वेगात एक टक्का फरक पडला तरी १००० यार्डांवर गोळी सुमारे २० सेंटीमीटर वर-खाली होते, म्हणून दारू बारीक काट्यावर तोलली जाते आणि एकाच घाण्याची काडतुसांची पितळी नळकांडी एकत्र ठेवली जातात. काटकसर करायची तर ती इथे करू नये.

जुन्या रायफलीतून लांब पल्ल्याची रायफल करण्याची परंपरा एफ-क्लासहून बरीच जुनी आहे. बिझ्लीवर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटिश सैन्याची क्रमांक ४ची ली-एनफील्ड रायफल ७.६२ मिलिमीटरची (.३०८च्याच मापाची) जड नळी घालून स्पर्धांत उतरत होती. लष्करी भांडारातून निघालेली स्वस्त ॲक्शन हा तिचा पाया. या ॲक्शनचा बोल्ट मागच्या बाजूला अडतो, त्यामुळे गोळी सुटताना ॲक्शन किंचित लवते आणि नळीचे तोंड वर उचलले जाते. मंद गोळी जरा उशिरा बाहेर पडते, तोवर तोंड आणखी वर गेलेले असते. म्हणून ती थोड्या चढ्या कोनात सुटते आणि ९००-१००० यार्डांवर जलद गोळ्यांच्या शेजारीच येऊन पडते. जवळच्या अंतरावर कडक ॲक्शनच्या रायफली तिला मागे टाकत, लांब पल्ल्यावर मात्र हाच लवचिकपणा तिच्या कामी येई. भारतात इशापूरच्या कारखान्याने याच घराण्याची ७.६२ची २ए रायफल १९६०च्या दशकात बनवली, पण ती सैन्य-पोलिसांसाठी होती.

अलीकडे टीआर गटातही खर्च चढला आहे. हात-हातभर पसरणारे बायपॉड, दोनशे ग्रेनच्या गोळ्या, खास घडवलेल्या ॲक्शन हे सगळे वरच्या फळीत नेहमीचे झाले. नव्याने येणाऱ्याने त्याने बिचकू नये, कारण गुण बहुतेक वेळा वाऱ्यातच जातात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८च्या गोळीला १००० यार्डांवर दोन मीटरांहून अधिक ढकलतो. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात ताशी दीड किलोमीटरची चूक झाली की गोळी २० सेंटीमीटर सरकते, आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या आहे १२.७. गोळी क्षणात पोहोचतही नाही. ती दीड सेकंदाहून अधिक काळ हवेत असते आणि वाटेतली निशाणे वेगवेगळ्या दिशांना फडफडत असतात. जमिनीलगत तापलेल्या हवेच्या लहरी दुर्बिणीतून वाहताना दिसतात, त्या आडव्या धावत असतील तर वारा जोरात, उभ्या उकळू लागल्या तर वारा पडला किंवा उलटायच्या बेतात. प्रत्येक बारानंतर फलक खाली जातो, खंदकातला माणूस भोकात खुणेची चकती बसवतो आणि फलक पुन्हा वर येतो. ती चकती कुठे बसली यावरून पुढची दुरुस्ती ठरते. हे वाचन सरावानेच येते, आणि बायपॉडवर वाचवलेले पैसे काडतुसांवर घातले तर तो सराव परवडतो.

भारतात अशी रायफल घरी बांधता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणे किंवा त्यात फेरफार करणे गुन्हा आहे, आणि सैन्याचे ७.६२चे काडतूस चालवू शकणाऱ्या रायफली सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्यामुळे इथली रायफल नेमबाजी प्रामुख्याने .१७७ एअर रायफल आणि .२२ स्मॉलबोअरवर उभी राहिली. तिची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून) जागतिक सुवर्ण मिळवले, तर त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (तीन पवित्र्यांतील नेमबाजीचे) कांस्य आणले. त्यांच्या फलकावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, कोनाच्या हिशेबाने एफ-क्लासच्या दहाहून लहान, आणि ते दुर्बिणीशिवाय, बायपॉडशिवाय मारायचे असते. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .२२ची गोळी त्या ५० मीटरांतही दोन सेंटीमीटरहून अधिक सरकते.