मोहफूल खाल्लं की चढते?

ताडोबा-मेळघाटच्या कडेला मुक्कामाची सोय असलेल्या काही घरांत पाहुण्यांना मोहफुलांचे पदार्थ वाढतात. काही जण ताट मागे सारतात, "याने चढते म्हणे!" नाही चढत. फुलात साखर असते, दारू नसते. फुलं पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली आणि भट्टीवर वाफ थंड करून उतरवली, तरच दारू होते.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. मऊ, गरदार, फिकट पिवळी. उजाडताच बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. तेही जपून, कारण अस्वलालाही हा खाऊ फार आवडतो. वेचलेली फुलं उन्हात खडखडीत वाळवतात. ओली राहिली तर आंबतात, बहुधा गैरसमजाचं मूळ हेच. खाण्याआधी आतले केसर चोळून काढायचे, फुलं मंद आचेवर भाजायची आणि तिळासोबत कुटून लाडू वळायचे. गोडी फुलाचीच.

गोंड-कोरकू घरांत ही फुलं टंचाईच्या दिवसांतलं अन्न होती, बियांचं तेल आजही स्वयंपाकात लागतं. अशा झाडाला नुसतं दारूचं झाड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. लाडू समोर आला तर पोरांनाही खाऊ द्या.