शिबला-पार्डीचे दगडी खांब

उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे किंवा कर्नाटकात मालपेसमोरची सेंट मेरी बेटं पाहायला लोक कुठून कुठून जातात. कॉजवेवर समुद्राला लागून सुमारे ४०,००० खांब आहेत, बहुतेक षटकोनी. १९८६ पासून ते जागतिक वारसा आहेत. फोटोत लाटा दिसतात, म्हणून ही समुद्राची करणी वाटते. लाटांनी ते फक्त उघडे केले. घडवले लाव्हाने, आणि लाव्हाला आपल्या विदर्भात तोटा नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामात असेच खांब उघडे पडले. एकाला एक चिकटून उभे, सरळ कडांचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले, त्यांच्या पूर्वेकडच्या काठावरचा हा भाग.

हजार अंशांहून तप्त लाव्हा थिजला की आकसतो. उन्हाळ्यात वावरातली काळी माती वाळून तडकते, तसाच हा प्रकार. फक्त इथे पाण्याऐवजी उष्णता निघून जाते. पहिल्या भेगा वेड्यावाकड्या असतात, एकमेकींना काटकोनात भिडतात. थर निवत जातो तशा त्या आत आत सरकतात आणि हळूहळू १२० अंशांवर स्थिरावतात, कारण कमीत कमी भेगांत ताण मोकळा करण्याची ती सोय. तीन भेगा अशा मिळाल्या की षटकोन आपोआप जमतो. पंचकोनी, सप्तकोनी खांबही सापडतात. सावकाश निवला तर खांब जाड, झटपट निवला तर बारीक.

अशा खांबाची बाजू जवळून न्याहाळा. दगड फार झिजला नसेल तर तिच्यावर आडवे पट्टे दिसतात. भेग एका दमात आत जात नाही. थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. एक पट्टा म्हणजे तिचं एक पाऊल. मला खांबांच्या आकारापेक्षा हे पट्टेच जास्त मोलाचे वाटतात.

समुद्रही इथे होता बरं का, पण लाव्हाच्या कितीतरी आधी. याच तालुक्यात मुकुटबनकडची चुनखडी त्याच्या तळाशी साचलेली आहे.

कॉजवेला कायद्याचं कवच आहे. आपल्याकडे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला हा काळा दगड, दिसला की आधी गिट्टी आठवते, आणि खांब फोडायला तर सोपे, भेगा आयत्याच. शिबल्याच्या खांबांभोवती निदान कुंपण आणि माहितीचा फलक तातडीने हवा, पुढचं रुंदीकरण निघण्याआधी.