ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज व टेलपीस : जुळणी

इलेक्ट्रिक गिटारची दोन भागांची घोडी. तारा ब्रिजवरच्या सहा सॅडलांवरून (तार ज्यांच्या खाचेत टेकते ते छोटे तुकडे) मागे जाऊन टेलपीसमध्ये अडकतात. ब्रिजची उंची दोन टोकांच्या चाकांनी, प्रत्येक तारेची लांबी सॅडलच्या स्क्रूने आणि टेलपीसची उंची दोन जाड स्क्रूंनी बदलते.

या ब्रिजचे श्रेय सहसा गिब्सन कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष टेड मॅकार्टी यांना दिले जाते; १९५२ मध्ये अर्ज होऊन १९५६ मध्ये मिळालेले पेटंट त्यांच्याच नावे आहे. गिटारवादक लेस पॉल यांनी आपल्या नावाच्या गिब्सन गिटारच्या बऱ्याचशा रचनेवर हक्क सांगितला. मॅकार्टींच्या मते मात्र पॉल यांचा वाटा ट्रॅपीझ टेलपीस (गिटारच्या मागच्या टोकाला अडकवलेला टेलपीस) व सोनेरी रंग एवढाच होता. निदान ब्रिजपुरती तरी मॅकार्टींची बाजू सबळ दिसते. १९५४ च्या सुमारास हा ब्रिज ‘लेस पॉल कस्टम’वर आला, सॅडल निसटू न देणारी बारीक तार १९६० च्या दशकारंभीची असावी.

टेलपीस गिटारच्या अंगाला टेकेपर्यंत उतरवला की तारा ‘ताठ’ होतात व नाद लांबतो, असा समज सार्वत्रिक आहे. तारेचा ताण तिचे वजन, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल लांबी आणि स्वर यांवर ठरतो. टेलपीसच्या उंचीने तो बदलत नाही. बदलतो तो सॅडलवरचा दाब. सॅडलवरून टेलपीसकडे उतरणाऱ्या तारेचा कोन तीव्र झाला की खाचेतले घर्षण वाढते, स्वर चढवण्यासाठी ओढल्यावर तार पूर्ण परतत नाही आणि सूर उतरलेला किंवा चढलेला राहतो. फार तीव्र कोनाने ब्रिज मधोमध दबतो किंवा पुढे कलतो. उलट टेलपीस फार वर असेल तर दाब कमी पडून तार खाचेत खरखरते. तार ब्रिजच्या मागच्या कडेला टेकत नसावी: दोहोंमध्ये कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे. नादाच्या लांबीबद्दलचे दावे कानावर विसंबलेले आहेत. त्यांना बेताचेच महत्त्व द्यावे.

जुळणी नव्या तारांवर, सुरात लावूनच करावी. प्रथम मान पाहावी: पहिल्या व शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता सातव्यापाशी ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. त्यासाठी लागणारे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुण्यात नाना पेठेतल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळते. मग बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे २ मिमी, बारीक तारेखाली १.५ मिमी अंतर ठेवावे. जुन्या घडणीच्या, इंची आट्यांच्या चाकाचा एक फेरा ब्रिज ०.८ मिमी उचलतो, म्हणजे बाराव्या पडद्यावर साधारण ०.४ मिमी. चाक फिरवण्याआधी तारा सैल कराव्यात, नाहीतर आटे झिजतात.

शेवटी लांबी. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसती स्पर्शून छेडल्यावर येणारा स्वर) चढा असेल तर सॅडल टेलपीसकडे, उतरता असेल तर मानेकडे न्यावे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा सुरात लावून तपासावे. खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासल्यास घर्षण घटते.

पुण्याच्या पावसाळ्यात मान बहुधा पुढे वाकते आणि तारा वर गेल्यासारख्या वाटतात. अशा वेळी ब्रिज उतरवू नये, आधी सातव्या पडद्यापाशी फट मोजावी. सॅडलचे स्क्रू याच दिवसांत गंजून जाम होतात; त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तारा एकेक करून बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या की टेलपीस खांबांवरून निसटून अंगाला पोचा पाडतो.