ॲक्सल दणकट हवा, पाटे मऊ

अलास्कातला डाल्टन हायवे ६६६ किलोमीटर लांबीचा आहे. तेलाची पाइपलाइन टाकण्यासाठी तो १९७४ मध्ये बांधला गेला आणि आजही त्यावर खडीचे लांबच लांब पट्टे आहेत. अशा रस्त्यावरून ओढून नेलेल्या राहत्या ट्रेलरमध्ये कपाटांचे स्क्रू सैल होतात, फ्रिज जागचा हलतो, पाण्याच्या नळ्यांचे सांधे गळू लागतात. मालक मग जास्त क्षमतेचे ॲक्सल आणि त्यांच्या जोडीचे ताठ पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसवतो. बऱ्याचदा त्यानंतर खडखड कमी होण्याऐवजी वाढते.

खडीच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा तयार होतात. चाक ठरावीक वेगाच्या पुढे गेले की उड्या मारत खडी ढकलते आणि लाट वाढत जाते. चाकाला स्प्रिंग नसली तरी हे घडते. दोन लाटांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चाकाला सेकंदाला सुमारे १६ धक्के बसतात. ही गती चाक आणि ॲक्सल यांच्या स्वतःच्या थरथरीच्या जवळपासची असते, त्यामुळे चाक जमिनीवर टेकत नाही, नुसते आपटत राहते. बहुतेक अमेरिकी ट्रेलरना शॉकअब्सॉर्बरच नसतात. थरथर जिरवायला पाट्यांमधले घर्षण काय ते असते, आणि तेही थोडेच.

ट्रेलरच्या वजनाने पाटे किती सेंटिमीटर दबतात, यावर वरची खोली किती वेगाने हलणार हे ठरते. ५ सेंटिमीटर दबले तर सेकंदाला सुमारे २.२ हेलकावे; निम्मेच, म्हणजे अडीच सेंटिमीटर दबले तर ३.२. हेलकावे जितके जलद, तितका रस्त्यावरचा धक्का थेट आत पोहोचतो. गरजेपेक्षा ताठ पाटे घातलेला ट्रेलर रिकाम्या ट्रकसारखा आदळत चालतो.

म्हणून आधी वजनकाटा. पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, सामान भरून, गाडीला जोडलेल्या स्थितीत फक्त ट्रेलरची चाके तोलावीत. शक्य असेल तर डावी-उजवी बाजू वेगळी. समजा दोन ॲक्सलवर मिळून २८०० किलो भरले, तर प्रत्येक चाकावर ७०० किलो येतात. कारखान्यातून येणारे ३५०० पौंड क्षमतेचे ॲक्सल आणि १७५० पौंडांचे (सुमारे ७९४ किलो) पाटे मग ८८ टक्के भरलेले असतात. खड्ड्यात आदळल्यावर शिल्लक काही उरत नाही. इथे ५२०० पौंडांचे ॲक्सल घ्यावेत, पण त्यांच्या जोडीचे २६०० पौंडांचे पाटे मात्र घेऊ नयेत. २२५० पौंडांचे (१०२० किलो) पाटे पुरतात. ते ६९ टक्के भरतात आणि दबायला जागाही राहते.

मोठ्या ॲक्सलचा खरा फायदा नळीत, हबमध्ये (चाक ज्यावर बोल्टने बसते त्या भागात) आणि ब्रेकमध्ये आहे. नळीचा व्यास ६० मिलिमीटरवरून ७६ होतो. नळीचा वाकण्याला विरोध व्यासाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे खड्ड्यात ॲक्सल वाकून टायर एका कडेने झिजण्याचा प्रकार कमी होतो. ब्रेकचा ड्रम १० इंचांवरून १२ इंचांचा होतो. मात्र हबला पाचऐवजी सहा बोल्ट येतात, म्हणून रिमही बदलाव्या लागतात. स्टेपनीची रिम हमखास विसरली जाते.

उंची वाढवण्यासाठी पाट्यांच्या वर असलेला ॲक्सल त्यांच्या खाली घेतात. यात एक घोळ नेहमी होतो: पाटे टेकायची बैठक आयती मिळते म्हणून ॲक्सलच उलटा फिरवला जातो. नळीला मध्यभागी वरच्या बाजूला थोडा बाक मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे भार आल्यावर चाके सरळ उभी राहतात. ॲक्सल उलटा केला की चाके वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने खलास होतात. बाक तसाच ठेवून पाट्यांची नवी बैठक वेल्ड करणे हाच मार्ग.

पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकांच्या बोल्टच्या भोकांतले) नायलॉनचे बुश त्याच वेळी फेकून द्यावेत. धुळीत ते लवकर झिजतात, मग बोल्ट शॅकलचे (पाट्याचे टोक टांगणाऱ्या पट्टीचे) भोक लांबट करतो. पितळी बुश, ग्रीस-निपलचे बोल्ट आणि जाड पट्ट्यांच्या शॅकल बसवाव्यात. पाटे ज्यांना अडकवलेले असतात ते हँगर जिथे चासीला वेल्ड केलेले असतात तिथे केसासारखे तडे शोधावेत; डाव्या-उजव्या हँगरना जोडणारी आडवी पट्टी घातली की ते बाजूला वाकत नाहीत. शॉकअब्सॉर्बरही याच कामात बसवून घ्यावेत. चासीची वजनमर्यादा मात्र यातल्या कशानेही वाढत नाही.

पाट्यांऐवजी नळीतल्या रबरावर धक्का झेलणारे टॉर्शन ॲक्सल शांत चालतात, हे खरे. पण जोडीच्या ॲक्सलमध्ये पाट्यांच्या मधला इक्वलायझर (दोन्ही पाटे जोडणारा झुलता दांडा) एका चाकाचा भार दुसऱ्यावर सरकवतो, ते काम टॉर्शन ॲक्सल करत नाहीत. उंचवट्यावर एकाच चाकावर जास्त भार येतो. जुने रबर कडकही होते.

बसवल्यावर ट्रेलरच्या पुढच्या हूकच्या मध्यापासून पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत फीत लावावी. फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. दोन ॲक्सलमधले अंतर डावी-उजवीकडे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळे नको. अर्ध्या इंची यू-बोल्ट ६१ ते ९५ न्यूटन-मीटरवर, अर्ध्या इंची चाकाचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने १२२ ते १६३ वर आवळावेत. बेअरिंगचा नट हब फिरवत घट्ट करून सैल सोडावा, मग बोटांनी टेकवून पिन घालावी. फार आवळलेले बेअरिंग तापून जळते.

चाकाचे नट १६, ४० आणि ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. प्रत्येक थांब्यावर हबजवळ हात न्यावा: चारांपैकी एकच जास्त गरम लागला, तर त्याचे बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे. तो उघडूनच पुढे निघावे.